लाकडी पॅनेलची 1978 ची कंट्री स्क्वायर घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा. सॅन होजेमधलं मराठी कुटुंब, सात आणि चार वर्षांची दोन मुलं. ओहायोमध्ये 1978 ची फोर्ड एलटीडी कंट्री स्क्वायर ही स्टेशन वॅगन विकायला आहे. बाजूंना लाकडी पॅनेल, मागे समोरासमोर बसायच्या दोन छोट्या सीट. जाहिरातीत लिहिलंय: ओरिजिनल वुड, इंजिन रीबिल्ट, 78 हजार मैल, 16,500 डॉलर. ‘ताई, इंजिन नवं केलंय म्हणजे मोठा खर्च टळला ना? लाकडाला नुसतं पॉलिश लागेल असं विकणारा म्हणतो. सुट्ट्यांमध्ये मुलांना घेऊन योसेमिटीला जायला ही गाडी कशी?’

आधी उत्तर सांगते, कारणं मग. मुलांसाठी म्हणून ही गाडी घेऊ नका. स्वतःच्या हौसेसाठी घ्यायची असेल तर खुशाल घ्या, पण 1978 ची नको. आणि ‘इंजिन रीबिल्ट’ या दोन शब्दांवर भाळून तर मुळीच नको.

मी मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांच्या ट्रिमचं काम करते. सीट, छताचं कापड, रबर बीडिंग आणि या वॅगनांच्या अंगावरचं ‘लाकूड’. नवीन मालक येतो तो बहुतेक वेळा तुमच्यासारखाच हिशोब मांडून येतो: इंजिन ठणठणीत आहे, आता राहिलं ते वरवरचं. साध्या गाडीला हा हिशोब चालून जातो. वॅगनला चालत नाही. हिचं इंजिन बहुधा फोर्डचं 400, म्हणजे 6.6 लिटरचं व्ही-8. त्याचं गॅस्केट, वॉटर पंप, कार्बोरेटरचा किट आजही पार्टसवाल्याकडे मागवला की येतो, आणि काम करणारे मेकॅनिकही आहेत. पण मागच्या दाराची एक पट्टी, मागच्या बाजूच्या काचेचं रबर, साधा पॅनेलच्या कडेचा कोपरा... हे पैसे हातात घेऊन उभे राहिलात तरी मिळत नाही. या गाड्या कामाला जुंपल्या गेल्या आणि मग भंगारात गेल्या. कूपे आणि कन्व्हर्टिबल जशा लोकांनी जपल्या तशा या कुणी जपल्या नाहीत. त्यामुळे फक्त वॅगनलाच लागणारे सुटे भाग नव्याने बनवायला फारसं कुणी पुढे आलं नाही.

आता लाकूड. 1978 च्या स्क्वायरच्या बाहेरच्या बाजूला लाकडाचं ढलपंसुद्धा नाही, तेव्हा पॉलिश नेमकं कशाला करायचं ते विकणाऱ्यालाच विचारा. खरं लाकूड होतं ते 1951 पर्यंत. फोर्डने मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात जंगलंच विकत घेतली होती आणि आयर्न माउंटनच्या कारखान्यात मेपल-बर्चच्या चौकटी आणि प्लायवूडची पॅनेल तयार व्हायची. (त्या कारखान्यातल्या लाकडाच्या टाकाऊ तुकड्यांपासून कोळशाच्या वड्या करायला लागले, तोच आजचा किंग्जफर्ड कोळसा. तुमच्या अंगणातल्या बार्बेक्यूमध्ये बहुधा तोच जळतो.) 1952 पासून बॉडी पूर्ण पोलादी झाली आणि पॅनेलच्या जागी लाकडाची छपाई केलेली फिल्म आली. भोवतीच्या पट्ट्या आणखी काही काळ खऱ्या लाकडाच्या राहिल्या, मग त्याही फायबरग्लासच्या झाल्या. तुम्ही बघताय ती गाडी म्हणजे पत्रा, त्यावर रंग, त्यावर व्हिनाइलची फिल्म आणि फिल्मच्या कडा झाकणाऱ्या फिकट रंगाच्या पट्ट्या.

या चार थरांत पैसे कुठे बुडतात ते नीट समजून घ्या.

पट्ट्या बसवायला पत्र्याला भोकं पाडलेली असतात. आतून खिळ्यांसारखे स्टड आणि क्लिपा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्या भोकांचं सील सुकतं, पट्टीमागे पाणी शिरतं आणि फिल्मच्या आड थांबून राहतं. वरून लाकूड झकास दिसतं आणि खाली पत्रा आतून बाहेर कुजत येतो. साध्या रंगाच्या गाडीत गंजाचा फोड लगेच नजरेत भरतो; इथे नक्षी तो लपवते. म्हणून गाडी बघताना मी सगळ्यात आधी पट्टीच्या खालच्या कडेने अंगठा दाबत नेते, मागच्या चाकाच्या कमानीपासून मागच्या दारापर्यंत. कुठे कुरकुर लागली, पापड मोडल्यासारखा आवाज आला, तर तिथे पत्रा संपलेला आहे. मग फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक. फिल्म पातळ असते, चुंबक तिच्यावरून पत्र्याला चिकटतं. जिथे चिकटत नाही तिथे कुणीतरी लांबी (पुट्टी) भरून वर फिल्म डकवली आहे.

दुसरं, फिल्म कोणती आहे. कारखान्यातून आलेली फिल्म उन्हाने फिकी पडते आणि मग आटलेल्या तळ्याच्या गाळासारखी तडकते. हे आधी कुठे होतं? खिडक्यांच्या लगेच खाली आणि मागच्या दाराच्या वरच्या काठाला, कारण ऊन तिथे सरळ पडतं. पंचेचाळीस वर्षांच्या गाडीवर ही जागा कोरी करकरीत असेल तर फिल्म बदललेली आहे. बदलणं वाईट नाही, पण कशाने बदलली? स्वयंपाकघरातल्या कपाटांना लावायची चिकटफिल्म लावलेल्या गाड्या माझ्याकडे आल्या आहेत. तिला उन्हापासून संरक्षण नसतं. एका उन्हाळ्यात कडा वर येतात. ओळखायची खूण सोपी: रेषा बघा. चांगल्या कारागिराने पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत नक्षी एका ओळीत चालू ठेवलेली असते आणि फिल्म दाराच्या कडेवरून आत वळवलेली असते. घाईत केलेल्या कामात फिल्म दाराच्या कडेलाच ब्लेडने कापलेली दिसते.

आणि ती बदलायला किती लागतं? फिल्मचा खर्च त्या मानाने किरकोळ. वेळ जातो तो जुनी काढण्यात. हीटगनने गरम करत इंच-इंच सोलायची, गोंद उरतो तो रबराच्या चाकाने घासून काढायचा, मग भोकांभोवतीचा गंज, मग प्रायमर, मग रंग. रंग पूर्ण सुकल्याशिवाय फिल्म लावली की त्यातला थिनर बाहेर पडायला वाट शोधतो आणि महिन्याभरात फिल्मला बारीक फोड येतात. साबणाचं पाणी मारून फिल्म सरकवत बसवायची, मधून कडेकडे पाणी ओढून काढायचं, वळणावर गरम करून ताणायची, पण फार ताणली तर नक्षीच्या रेषा रुंद होतात आणि ते लांबूनसुद्धा खुपतं. आणि हे सगळं करायच्या आधी त्या पट्ट्या न मोडता उतरवाव्या लागतात. म्हातारं फायबरग्लास हातात तुटतं. तुटलेला तुकडा मी जोडते, साचा काढून नवा कोपरा ओतते, पण त्याचं बिल बघून लोक गप्प होतात. इंजिनाचं काम याहून स्वस्तात झालेलं मी कितीदा तरी पाहिलं आहे.

मागचं दार हा या गाडीचा अभिमानबिंदू. 1966 साली फोर्डने असं दार आणलं जे ट्रकच्या फाळक्यासारखं खालीही पडतं आणि घराच्या दारासारखं बाजूलाही उघडतं. पुढे काच वर असतानाही बाजूला उघडायची सोय झाली. जनरल मोटर्सने 1971 ते 1976 च्या मोठ्या वॅगनांना काच छतात आणि फाळका गाडीच्या फ्लोअरखाली सरकवणारं दार दिलं. दिसायला ते भारी, दुरुस्तीला त्याहून भारी. त्या मानाने फोर्डचं दार सरळ आहे. तरीही विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर ते दोन्ही तऱ्हांनी उघडून दाखवायला सांगा, काच मोटरने पूर्ण खाली-वर करून दाखवायला सांगा, आतल्या बटणाने आणि बाहेरच्या किल्लीने, दोन्ही. ‘काच वर जाते पण हाताने आधार द्यावा लागतो’ असं म्हणाला तर समजून जा. दाराचा तळ खालून बघा. पाणी निघायची भोकं बुजली की तो तळ सडतो. छोट्या सीटच्या मध्ये पाय ठेवायचा खोलगट भाग असतो, तिथलं कार्पेट उचलून फोटो मागवा. ओहायोच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं, त्यामुळे मागच्या ॲक्सलच्या वर वळलेली चासी तर बघायलाच हवी. या गाड्यांना स्वतंत्र चासी आहे आणि ती तिथेच आधी खाल्ली जाते.

78 हजार मैलांचं म्हणाल तर मीटरवर मैलांची घरं पाचच आहेत. 78 असेल, 178 ही असेल. इतक्या जुन्या गाडीच्या टायटलवर (मालकीच्या कागदावर) मैलांची हमी नसते. ब्रेकच्या पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या दाराचं बिजागर आणि हात टेकायची जागा या तीन गोष्टी मीटरपेक्षा खरं बोलतात.

आता तुमच्या खास अडचणीकडे येते, आणि ती कॅलिफोर्नियाची आहे. तिथे 1975 आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेकमधून, म्हणजे धुराच्या सक्तीच्या तपासणीतून, सूट आहे. 1976 पासून पुढच्या गाड्यांना नाही, कितीही जुन्या होवोत. म्हणजे ही 1978 ची गाडी तुमच्या नावावर करायला आणि पुढे दर दोन वर्षांनी स्मॉग पास व्हावी लागेल. बे एरियात, म्हणजे तुमच्या सॅन होजेच्या भागात, ती रोलरवर चालवून धूर मोजतात. त्याशिवाय बोनेट उघडून बघतात की कारखान्यातून आलेली प्रदूषण रोखणारी सगळी सामग्री जागेवर आहे ना: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ईजीआर व्हॉल्व्ह, एअर पंप, पेट्रोलच्या वाफा धरणारा डबा, आणि व्हॅक्युमच्या बारीक नळ्यांचं जाळं.

मग ‘इंजिन रीबिल्ट’चा अर्थ काय होतो? ओहायोत पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला धुराची तपासणी नाही. तिथला मेकॅनिक इंजिन उघडतो तेव्हा ‘ही भानगड कशाला’ म्हणून एअर पंप आणि नळ्या काढून टाकतो, वर मोठं कार्बोरेटर आणि ॲल्युमिनियमचं इनटेक चढवतो. गाडी पूर्वीपेक्षा बरी पळते, मालक खूश. तीच गाडी तुमच्याकडे आली की बघताक्षणीच नापास. बाजारातला बदली भाग कॅलिफोर्नियात चालण्यासाठी त्याला तिथल्या एअर बोर्डाचा (हवेचं प्रदूषण बघणाऱ्या सरकारी मंडळाचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर, म्हणजे मंजुरीचा नंबर, असावा लागतो. काढून फेकलेली 1978 ची सामग्री परत जमवणं म्हणजे भंगारवाल्यांचे उंबरठे झिजवणं. तुम्ही ज्याला जमेची बाजू समजताय तीच तुमच्या राज्यात सगळ्यात मोठी उधारी ठरू शकते. न उघडलेलं, थोडं ऑइल खाणारं, पण सगळ्या नळ्या जागेवर असलेलं इंजिन मला तुमच्यासाठी जास्त पसंत पडलं असतं.

व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबरही बघून घ्या. त्या काळच्या फोर्डमध्ये पहिला आकडा वर्षाचा, म्हणजे इथे 8, आणि पाचवं अक्षर इंजिनाचं: एस म्हणजे 400, ए म्हणजे 460. नंबरात एक आणि बोनेटखाली दुसरंच असेल तर स्मॉगवाला प्रश्न विचारणार.

योसेमिटीला दोन मुलांना घेऊन? 1978 च्या गाडीत मागच्या सीटला फक्त कमरेचा पट्टा आहे. अमेरिकेत मागच्या खिडकीकडच्या सीटना खांद्यावरून जाणारा पट्टा सक्तीचा झाला तोच 1990 च्या सुमारास. तुमच्या सात वर्षांच्या मुलाला बूस्टर लागतो, आणि बूस्टर खांद्याच्या पट्ट्याशिवाय वापरायचाच नसतो. धाकट्याची सीट कमरेच्या पट्ट्याने बांधता येईल, पण तिचा वरचा पट्टा अडकवायला गाडीत जागाच दिलेली नाही. आणि ज्या समोरासमोरच्या सीटसाठी मुलं हट्ट धरतील, तिथे बाजूला तोंड करून कोणतीही चाइल्ड सीट लावायची नसते. खांद्याचे पट्टे बसवून द्या असं मला लोक सांगतात. मी बसवत नाही. पट्टा तोलणारी जागा बॉडीत मुळातच त्यासाठी घडवलेली नसेल तर वरून बोल्ट मारून ती होत नाही.

आणखी दोन गोष्टी, ज्या विकणारा सांगत नाही. मागची काच उघडी ठेवून गाडी पळवली तर गाडीमागे तयार होणारी पोकळी सायलेन्सरचा धूर आत खेचते. मुलं बसतात नेमकी तिथेच. जुने लोक ‘आम्ही तर काच खाली करून हात हलवायचो’ असं कौतुकाने सांगतात. तुम्ही काच बंद ठेवा. दुसरी गोष्ट गिअरची. 1966 ते 1980 च्या ऑटोमॅटिक फोर्ड पार्कमधून निसटून रिव्हर्समध्ये जातात अशा तक्रारी एवढ्या वाढल्या की सरकारशी तडजोड होऊन फोर्डने सुमारे 2 कोटी 30 लाख गाड्यांच्या मालकांना डॅशबोर्डवर चिकटवायचे इशाऱ्याचे स्टिकर पाठवले. गाड्या परत बोलावल्या नाहीत, स्टिकर पाठवले. तेव्हा अशी कुठलीही फोर्ड घेतलीत तर उतरताना पार्क, हँडब्रेक आणि इंजिन बंद, हे तिन्ही. इंजिन चालू ठेवून मागून सामान काढायला जायचं नाही.

मग करायचं काय? मुलांसकट वापरायची, लाकडी नक्षीची आणि खरीखुरी मोठी वॅगन हवी असेल तर 1994 ते 1996 ची ब्यूइक रोडमास्टर इस्टेट बघा. 5.7 लिटरचं एलटी-1 इंजिन, 260 हॉर्सपॉवर, फ्युएल इंजेक्शन, पुढे दोन एअरबॅग, एबीएस, आणि मधल्या सीटला खिडकीकडे खांद्याचे पट्टे. चाइल्ड सीट पट्ट्यानेच बांधावी लागते, पण बूस्टरचा प्रश्न सुटतो. तिसरी सीट मागे तोंड करून आहे. तिथे मी बॅगा ठेवेन, मुलं नाही. तिचं एक दुखणं आधीच माहीत करून घ्या: डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) वॉटर पंपाच्या बरोबर खाली बसवलाय. पंप गळायला लागला की कूलंट थेट त्याच्यावर, आणि गाडी आचके द्यायला लागते. दोन्ही कधी बदललेत, याची बिलं मागा. स्मॉग हिलाही लागतो, पण नळ्यांच्या जाळ्याऐवजी संगणक असल्याने पास करून घेणं खूपच सोपं. नक्षीची फिल्म मात्र तशीच तपासायची, अंगठा आणि चुंबक.

मन स्क्वायरवरच असेल तर 1975 ची शोधा. बॉडी जवळपास हीच, झाकणाआड लपणारे हेडलाइट तेच, आकारही तोच: सुमारे पावणेएकोणीस फूट, म्हणजे आधी तुमचं गॅरेज मोजा. स्मॉगची कटकट नाही, त्यामुळे इंजिनात कुणी काय केलंय याची तुम्हाला चिंता नाही. शक्यतो ॲरिझोना, नेवाडा, नाहीतर कॅलिफोर्नियाच्याच आतल्या भागातली घ्या. उन्हाने तिची फिल्म गेलेली असेल, छताचं कापड लोंबत असेल, डॅशबोर्ड तडकला असेल, पण पत्रा कोरडा असेल. फिल्म मी नवी लावू शकते. ओहायोचा सडलेला पत्रा म्हणजे आधी वेल्डिंग, मग डेंटिंग, मग माझा नंबर. पट्ट्या सगळ्या जागेवर असतील आणि इंजिन चालूही होत नसेल, तरी तशा गाडीला मी चालू स्थितीतल्या अर्धवट गाडीपेक्षा जास्त पैसे देईन. गॅलनला दहा-बारा मैलांपेक्षा जास्त ॲव्हरेजची आशा मात्र कुठल्याच वर्षाच्या गाडीकडून धरू नका. विमा ठरलेल्या किमतीचा, क्लासिक गाड्यांचा घ्या, पण त्यात रोज ऑफिसला न्यायची मुभा नसते हे वाचून घ्या.

पुण्यात ज्यांनी टाटा इस्टेट वापरली असेल त्यांना वॅगनचं सुख वेगळं सांगायला नको. घरातली चार माणसं आणि मागे सगळा संसार. ती ओढ मला समजते. म्हणून ओहायोच्या गाडीचा नाद सुटतच नसेल तर विकणाऱ्याकडून एवढं मागवा: एअर क्लीनर काढून वरून घेतलेला इंजिनाचा फोटो, बोनेटखालचं व्हॅक्युमच्या नळ्यांच्या नकाशाचं लेबल, कन्व्हर्टरचा खालून फोटो, मागच्या दाराचा तळ, सीटखालचा खोलगा, आणि चारही टायरवरचे डॉट कोडचे शेवटचे चार आकडे, म्हणजे टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते कळतं. संध्याकाळी गाडी बंद करून हेडलाइटची झाकणं बंद आहेत असा एक फोटो आणि सकाळी इंजिन चालू करायच्या आधी दुसरा. रात्रीत झाकणं आपोआप उघडली असतील तर व्हॅक्युम कुठेतरी गळतोय. एअर पंप आणि नळ्या जागेवर दिसल्या तर कोलंबस-क्लीव्हलंडकडच्या एखाद्या स्वतंत्र तपासनिसाला पैसे देऊन गाडी लिफ्टवर चढवून बघायला लावा. तरीही 16,500 मी देणार नाही. पंप नसेल, तर ती किंमत अर्धी केली तरी ती गाडी कॅलिफोर्नियात आणू नका.